फाटकावर टांगलेलं कौल

शेतकी सहकारी दुकानात भाज्यांच्या टोपल्यांपाशी अजूनही कुजबूज चालते. काकिनोसावातल्या हातानोंची ती फिलिपिन्सची विधवा आहे ना, तिने म्हणे गटारं साफ करावी लागू नयेत म्हणून वस्ती-मंडळाच्या अध्यक्षांना वकिलाची धमकी दिली. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा त्यांच्या अंगावर फावडंभर चिखल फेकला. न्हाव्याकडे ही गोष्ट आणखी वाढते. तिथे चिखल अध्यक्षांच्या चष्म्यापर्यंत पोचतो.

चिखल होता, फावडं होतं, अध्यक्षही होते. बाकी सगळं उलटं आहे. वकील तर नव्हताच. ती भांडली ती गटारं साफ करायला मिळावीत म्हणून. ज्या कामाचं नाव काढताच आमच्या तिसऱ्या गटातल्या धडधाकट माणसांची कंबर धरते, ते काम मागायला ती अध्यक्षांच्या दारात गेली, आणि त्यांनी ते नाकारलं. तेही अतिशय नम्रपणे. आमच्याकडे नकार असाच देतात; समोर असताना कळत नाही, घरी जाऊन बूट काढताना कळतो.

मारीसेल फिलिपिन्समधल्या इलोइलोहून लग्न करून जपानात, या काकिनोसावात आली तेव्हा घरात माणसं दोन होती. नवरा शिगेमित्सु आणि सासू काने. शिगे घरांवर कौलं बसवायचा. दिवसभर छपरावर असायचा, संध्याकाळी खाली उतरला की मुका. घरातलं सगळं बोलणं सासू एकटी बोलायची, दोघांच्या वाटचं. त्यामुळे मारीसेल जी जपानी शिकली ती कानेची जपानी: संत्र्यांच्या टेकडीवरची, सत्तर वर्षांपूर्वीची, वाक्यावाक्याला शिवीची फोडणी दिलेली. पुढे काने गेली, तिच्या वयाच्या बायकाही एकेक करून गेल्या. आज काकिनोसावाची ती बोली अस्सल बोलणारी एकच बाई उरली आहे, आणि ती इलोइलोची आहे.

हे नगरपालिकेत कुणाला सांगून पटत नाही. तिथे आता ‘आंतरराष्ट्रीय कक्ष’ निघाला आहे. स्टेशनसमोर मोठा फलकही लावलाय, ‘जगासाठी खुलं शहर’. मारीसेल नवऱ्याच्या निवृत्तिवेतनाचं काही विचारायला गेली, तर खिडकीतल्या मुलीने तिचा चेहरा पाहिला, खुर्चीकडे दोन्ही हात केले आणि बोलायला लागली: “हा-ता-नो-सान. ब-सा. इ-थे. च-हा?” आणि हवेतला पेला तोंडाला लावून दाखवला.

“अगं पोरी, दाढ दुखतीया का तुजी?” मारीसेल म्हणाली. “सरळ बोल की.”

मुलीला एक शब्द कळला नाही. ती आत गेली आणि दुभाष्या म्हणून निवृत्तीला टेकलेल्या एका कारकुनाला घेऊन आली. त्यांची आजी काकिनोसावाची होती.

आता आमच्या गटाचं. बारा घरं. गटप्रमुखपद दर एप्रिलला एका घरातून शेजारच्या घरात सरकतं. त्याला निवडणूक लागत नाही, लायकी लागत नाही, इच्छा तर मुळीच लागत नाही. भिंतीला भिंत लागून असली की झालं. तळहाताएवढी एक लाकडी पाटी आहे, धुराने खाल्ल्यासारखी काळी. ती ज्याच्या फाटकावर, तो वर्षभर गटाचा नोकर. सूचनांची फाइल घरोघर फिरती ठेवायची, कावळे बसू नयेत म्हणून कचऱ्यावर टाकलेली जाळी धुवायची, कुणी गेलं तर दारात उभं राहून माणसांना चपला कुठे काढायच्या ते दाखवायचं, आणि भातखाचरांत पाणी सोडायच्या आधी एका रविवारी सगळ्यांना गटार उपसायला बोलवायचं. पाटी आली की त्या घराला वर्षभर साडेसाती लागते. पण ती चुकवता येत नाही. भूकंपाने भिंत पडली तरी पाटी त्याच क्रमाने जाते.

मागच्या फेरीला ती हातानोंकडे आली होती तेव्हा शिगे होता. त्याने ती एक शब्द न बोलता खिळ्याला अडकवली आणि पुन्हा छपरावर गेला. वर्षभर सगळं काम कानेने आणि मारीसेलने ओढलं. त्यानंतर आधी काने गेली, मग हृदय बंद पडून शिगे गेला. मारीसेल राहिली. सकाळी माशांच्या वड्यांच्या कारखान्यात जाते, दुपारी परत येते, सासूच्या पिंपात सासूच्या मापाने मुळे खारवते. घराच्या पाटीवर अजून हातानोच लिहिलेलं आहे.

गेल्या वर्षी गटप्रमुखाची पाटी शेजारच्या तोमिएबाईंकडे होती. म्हणजे यंदा मारीसेल. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिने फाटक पुसलं, जुना गंजका खिळा उपटून नवा ठोकला आणि कुणाला वाटू नये की ती वाट बघतेय, म्हणून कठड्यावर गाद्या वाळत घालत उभी राहिली.

तोमिएबाई निघाल्या. एप्रन पुढे फुगलेला, नजर टेकडीवर, चाल अशी की मागे कुत्रं लागलंय. मारीसेलचं फाटक आलं आणि गेलं.

“तोमिए-सान, पोटात काय लपवलंय?”

“काही नाही गं. हवा काय छान पडलीय आज.”

“हवा चौकोनी झालीया व्हय यंदा?”

तोमिएबाई थांबल्या. एप्रनखालची पाटी दोन्ही हातांनी धरून त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, तेव्हा पाटीचा कोपरा बाहेर आला.

“अध्यक्ष म्हणाले, या खेपेला सावाकींकडे द्या,” त्या हळूच म्हणाल्या. “तुला त्रास नको म्हणून. मला काही माहीत नाही हं, मारी-सान. मी आपली नेऊन देते.”

“सावाकीचं घर माज्या पल्याड हाय.”

“आहे.”

“मधी माजं घर लागतंय.”

“लागतं.”

“मग?”

“मग मी जरा भरभर चालत होते,” तोमिएबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू यायच्या बेतात होतं.

सावाकी म्हणजे पलीकडच्या घरातला तरुण बाप. दोन पोरं चड्डीतली, नोकरी रात्रपाळीची. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या एका गालावर उशीची शिवण उमटलेली होती. पाटी बघून त्याचा चेहरा जप्तीची नोटीस आल्यासारखा झाला. “हो, हो, नक्कीच, माझं भाग्य,” तो म्हणाला. बारा वर्षांचं गणित सगळ्यांना पाठ असतं. आपला नंबर एक वर्ष आधी आलाय हे त्याला कळलं होतं. का आलाय हेही कळलं होतं. विचारायचं मात्र त्याच्या मनात आलं नाही, कारण विचारलं असतं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं.

मारीसेलने गाद्या तशाच टाकल्या आणि अध्यक्षांकडे गेली.

अध्यक्ष ओगुरी-सान आमच्याच गटातले, वरच्या वळणावरचे. शाळेचे उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांची एक लकब आहे. नाही म्हणायचं असलं की आधी मान तिरकी करतात आणि दातांतून हवा आत ओढतात: स्स्स्. काकिनोसावातले निम्मे बेत त्या एका आवाजात गेले आहेत. मुलांच्या मैदानाचा, बसथांब्यावरच्या छपराचा, तोमिएबाईंच्या सुनेच्या नृत्यवर्गाचा.

“स्स्स्,” ओगुरी-सान म्हणाले. “हातानो-सान, आपण आलात हे उत्तम झालं. मंडळाने आपलाच विचार केला. आपण एकट्या. फाइलमधली अक्षरं अवघड. पहाटे कुणी गेल्याचा निरोप आला, तर आपली झोपमोड. तेव्हा आपल्याला विश्रांती द्यावी, असं सर्वांच्या मनात आलं.”

“किती वर्सं?”

“म्हणजे?”

“विश्रांती. किती वर्सांची हाय?”

“तशी मुदत… ठरवलेली नाही.”

“म्हंजी मरंपतुर.”

ओगुरी-सानांनी तिच्या पेल्यात चहा ओतला. तो आधीच भरलेला होता, म्हणून बशीत ओतला.

“अक्षरांचं म्हनाल,” मारीसेल म्हणाली, “तर माज्या मालकाला तरी कुटं येत हुती? फाइल आली की त्यो आईच्या म्होरं टाकायचा. आई चष्मा शोधायची. चष्मा घावला न्हाई की तोमिएच्या दारात पळायची. त्याचा नंबर न्हाई चुकवलासा तुमी.”

“शिगेमित्सु-सान इथलेच होते.”

हे बोलून झाल्यावर ओगुरी-सानांना स्वतःलाच ते ऐकू आलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी बशीतला चहा बघितला, खिडकीबाहेरचं पर्सिमनचं झाड बघितलं.

“आन् मी?” मारीसेलने विचारलं.

“आपण,” ओगुरी-सान हळूहळू, शब्द चाचपत म्हणाले, “आपण तर आमच्या शहराची जगाकडे उघडणारी खिडकी आहात.” आणि हातासरशी त्यांनी एक रंगीत पत्रक पुढे केलं. मे महिन्यातला आंतरराष्ट्रीय मैत्री मेळावा. “दरवर्षीप्रमाणे आपला तो सुंदर राष्ट्रीय पोशाख. आणि त्या शेवया.”

त्या मेळाव्याची तिला दरसाल हौस फेडावी लागे. उंच फुलपाखरी बाह्यांचा तो झगा तिने इलोइलोत असताना जन्मात घातला नव्हता. नगरपालिकेने ‘राष्ट्रीय पोशाख’ कळवल्यावर फोनवरून मागवला. बाह्या इतक्या उभ्या की शेजारी कोण उभं आहे ते दिसत नाही. शेवयाही ती मेळाव्यासाठीच शिकली, फोनवर बघून. घरी ती खाते भात, शिंपल्यांची कढी आणि सासूचा मुळा. आणि मेळाव्यात दरवर्षी कुणीतरी पुढ्यात येऊन डोळे विस्फारणारच: “अय्या, तुम्ही जेवायच्या काड्या किती छान धरता.” यावर ती म्हणते, “तुमीबी झ्याक धरताय की,” आणि समोरची बाई आभार मानून निघून जाते.

मारीसेलने पत्रक उचललं, चटईवर त्यांच्या बाजूला सरकवलं.

“मग खिडकी बंद,” ती म्हणाली. “झगा घालायला मी चालती, शेवया करायला मी चालती, आन् गटारात मातुर माजी झोपमोड हुती व्हय? पाहुण्याला काम सांगत न्हाईत, ठावं हाय मला. सासूनं मला आल्या दिवसापास्नं फावडं दिलं हातात. तिच्या घरात मी पाहुणी न्हवती. तुमच्याकडनं तीस वर्सांनी पाहुणी व्हायला मी तयार न्हाई.”

“विचार करू,” ओगुरी-सान म्हणाले. विचार करू म्हणजे संपलं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातानोंच्या फाटकावर कौल टांगलेलं होतं.

शिगेच्या शेडमागे उरलेली कौलं अजून रचून ठेवलेली आहेत, राखाडी, जड, चकाकणारी. त्यांना खिळ्यासाठी भोक असतंच. तिने त्यातलं एक धुतलं, पांढऱ्या रंगात ‘गटप्रमुख, तिसरा गट’ असं लिहिलं आणि नव्या खिळ्याला तारेने लटकवलं. वारा आला की ते फाटकावर आपटायचं, धाप्, धाप्. सावाकींच्या फाटकावर लाकडी पाटी आणि अलीकडे कौल. गटाला दोन प्रमुख.

एखादी गोष्ट फारच मोठी झाली की आमच्याकडे तिच्याकडे कुणी बघत नाही. ते फाटक आलं की सगळ्यांना एकाएकी आकाशात रस वाटायचा. एवढं आकाश आमच्या गटाने वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं.

मारीसेल मात्र कामाला लागली होती. कारखान्यात जायच्या आधी ती कचऱ्यावरची जाळी धुऊन, झटकून, घडी घालून ठेवायची. सावाकी रात्रपाळीवरून यायचा, पेंगत नळी ओढत तिथे जायचा, तर जाळी वाळत आलेली. दोनदा झालं, तीनदा झालं. मग एक दिवस कौलाखाली नव्या कांद्यांची पिशवी दिसली. नाव नाही, चिठ्ठी नाही. तिने कांदे घेतले, पिशवी धुतली, त्यात मुळा भरून सावाकीच्या फाटकाला अडकवली.

शेवटी ओगुरी-सान स्वतः कौल बघायला आले. मागे हात बांधून, मान तिरकी करून.

“स्स्स्… अक्षर सुरेख आहे. पण वाऱ्याने पडलं, तर लहान मुलांना…”

“म्हनूनशान आता दुसराबी खिळा मारलाय.”

“आणि गटाला दोन प्रमुख म्हणजे गोंधळ होतो, हातानो-सान.”

“मग एक उतरवा. सावाकीची पाटी हलकी हाय. ती उतरवा.”

ओगुरी-सानांनी रुमालाने मानेचा घाम पुसला. एप्रिलमध्ये आमच्याकडे घाम येत नाही. मग त्यांनी सांगितलं की गटारसफाई चौथ्या रविवारी ठरली आहे, सावाकी-सानांच्या वतीने त्यांनीच ठरवली आहे, आणि आपण त्या दिवशी खुशाल विश्रांती घ्यावी.

“तिसऱ्या रविवारी हाय,” मारीसेल म्हणाली. “सकाळी सातला. गटप्रमुखानं ठरवायचं असतंय आन् मी ठरवलंय. घरोघर सांगून येती. आन् ऐका, अध्यक्ष. त्या दिवशी कोन न्हाई आलं, तर माज्या हातानं मी कौल उतरवती, झगा घालती, दोन दिस शेवया तळती, पुन्यांदा नंबरचं नाव काढायची न्हाई. पन आली मानसं, तर लाकडी पाटी माज्या फाटकावर. कबूल?”

ओगुरी-सानांना सौदा फायद्याचा वाटला. त्या बाईच्या शब्दावर गटातलं एक माणूस हलणार नाही, याची त्यांना खातरी होती. हवा न ओढता ते म्हणाले, “बरं.”

त्यानंतर ती उरलेली दहा दारं फिरली, आणि तिच्या मागे मी, गटातलीच एक पोर. दर दारात तेच ऐकलं: “हो, हो, कळवल्याबद्दल फार आभार.” येतो असं कुणी म्हणालं नाही. येत नाही असंही कुणी म्हणालं नाही. सावाकी एवढंच म्हणाला, “हो… हो,” आणि दार लावता लावता पुन्हा एकदा, “हो.”

शनिवारी दुपारी मी तिच्या ओसरीवर मुळा खात बसले होते. त्या दहा दारांतले दहा ‘हो’ मी तिला एकेक करून म्हणून दाखवले, तोमिएबाईंचा रडका, सावाकीचा पेंगुळलेला, आमच्या बाबांचा घशातल्या घशात राहिलेला. ती हसून हसून डोळे पुसत होती. मी म्हणाले, मारीकाकू, या ‘हो’मध्ये एकही ‘हो’ नाही. उद्या चिटपाखरू येणार नाही.

“समदी येतील,” ती म्हणाली.

“कुणाला यायचं नाहीये.”

“म्हनून तर येतील. यायचं कुनालाच न्हाई गं. पन आपून सोडून बाकीची गेली असली तर? ह्या एका भ्यानं हितलं मानूस अंथरुनातनं उटतंय. तीस वर्सं बघतीया.”

मग पैज लागली. मी जिंकले तर शिगेकाकांची सायकल माझी. ती जिंकली तर रस्त्याखालची बंद मोरी माझी. गटाराचा तेवढा भाग रस्त्याच्या पोटातून जातो. तिथे फावडं उभं धरता येत नाही. पोटावर झोपून आत शिरावं लागतं, आणि दरवर्षी त्यावरून सगळे एकमेकांना “आधी तुम्ही” म्हणत राहतात.

रविवारी सात वाजता गल्लीत मारीसेल एकटी होती. पायात शिगेचे रबरी बूट, डोक्याला सासूचा रुमाल, शेजारी चहाच्या बाटल्यांचं खोकं. बाटल्या बारा. त्या मोजून आणताना तिला काही वाटलं नव्हतं. आता खोक्याकडे बघवेना. तिने गटाराच्या पहिल्या झाकणात लोखंडी आकडा अडकवला आणि ओढलं. सिमेंटवर सिमेंट घासल्याचा आवाज साऱ्या गल्लीत कण्हत गेला. तो आवाज ऐकून झोपेत राहणं शक्य नाही.

कुणी आलं नाही.

दुसरं झाकण. पडदे हलले. माणसं आमच्याकडे पडद्याआड उभी असतात तेव्हा पडदे फार सरळ लोंबतात. ते तिला ठाऊक होतं. पण सरळ पडद्यांनी गटार उपसलं जात नाही. तिने पहिलं फावडं भरलं. कपाटात तो झगा बाह्या उभ्या करून लटकत असेल, असं तिच्या मनात आलं. एक वर्ष शेवया, मग दुसरं वर्ष शेवया, मग ती मेली की कुणीतरी भाषणात म्हणणार, आपली खिडकी गेली. तिने दात खाल्ले आणि तिसऱ्या झाकणाला आकडा लावला. नाही आले तर नाही. सातला बोलावलं होतं, सातला काम सुरू झालं होतं. ती बारा घरांचं गटार एकटी उपसणार होती आणि मगच कौलाला हात लावणार होती.

तोमिएबाईंचं दार सरकलं. त्या झाडू घेऊन बाहेर आल्या.

“मी आपली माझ्या दारापुढचं झाडतेय हं,” त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

“झाडा की.”

त्या झाडत राहिल्या. दारापुढचं झाडून झालं, मग कडेचं, मग कडेच्या कडेचं. झाडता झाडता त्या गटारापाशी आल्या आणि झाडू ठेवून चिखलाचं घमेलं उचललं. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने तोमिए बाहेर दिसल्याचं पाहिलं. तो खोरं घेऊन आला: “सहज आलो. खोऱ्याला ऊन दाखवायचं होतं.” खोऱ्याला ऊन दाखवता दाखवता त्याने चौथं झाकण उचललं. आता तीन माणसं झाली. तीन म्हणजे आमच्याकडे गर्दीची सुरुवात.

तेवढ्यात सावाकी धावत आला. पाठीला धाकटं पोर बांधलेलं, डोळे लाल.

“उशीर झाला,” तो वाकत म्हणाला. “माफ करा. अगदी माफ करा.”

त्या शब्दाने सगळं फिरलं. उशीर झाला म्हटलं की वेळ ठरलेली होती असं होतं. वेळ ठरलेली होती म्हणजे घरात बसलेला प्रत्येक जण आत्ता, या क्षणी, उशीर करत होता. दारं धडाधड सरकली. “उशीर झाला.” “आम्हालाही उशीर झाला.” “तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त.” आमचे बाबा पायजम्यावर बूट चढवत बाहेर पडले. बघता बघता गल्लीत सगळीकडे वाकलेल्या पाठी आणि एकमेकांची माफी.

वरच्या वळणावरून ओगुरी-सान आले ते तेव्हा. डोक्यावर हॅट, हातात पांढरेशुभ्र हातमोजे. ते काम करायला आलेच नव्हते. रिकामी गल्ली बघून तिचं सांत्वन करायला आले होते. सगळ्यांनी पाठ सरळ केली, खोरी हातात धरूनच वाकले. “नमस्कार, अध्यक्ष.”

ओगुरी-सानांनी मान तिरकी केली. हवा ओढली, स्स्स्, आणि त्यापुढचा शब्द आलाच नाही. गटार उपसणाऱ्या माणसांना घरी जा म्हणायला आमच्या भाषेत अजून नम्र शब्द निघालेला नाही.

“आलासा, बरं झालं,” मारीसेल म्हणाली. “वरच्या वळनाला मानूस कमी पडतंय. तितं लागा.” आणि तिने फावडं पुढे केलं.

सगळ्यांनी नजरा चिखलात घातल्या. कुणी कुठलं वळण घ्यायचं ते गटप्रमुखच सांगतो. फावडं घेतलं तर ते कबूल झालं. नाही घेतलं, तर अख्ख्या गटासमोर गटारसफाईला अंग चोरलं. मारीसेलचा हात पुढेच होता. फावडं जड होतं, पण तिने ते खाली टेकवलं नाही.

ओगुरी-सानांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

उपमुख्याध्यापकाने फावडं मारावं तसं त्यांनी ते मारलं, वाऱ्याच्या तोंडावर. चिखल त्यांच्याच फावड्यातून उडून त्यांच्याच छातीवर आला. न्हाव्याकडच्या गोष्टीत जो चिखल आहे तो हा. चष्म्यावर दोन थेंब होते, तेवढं न्हाव्याचं खरं.

रस्त्याखालची मोरी तेवढी सोडून गटार मोकळं झालं, झाकणं बसली. मारीसेलने चहा वाटला. सगळे गोल उभे राहिले. काम संपलं असं कुणीतरी म्हणावं लागतं, त्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि ते गटप्रमुख म्हणतो. सावाकीने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी चिखलाचे हातमोजे काढले, एकात एक घातले.

“हातानो-सान,” ते म्हणाले. मग थांबले आणि पुन्हा म्हणाले, “गटप्रमुख. समारोपाचे दोन शब्द.”

“झालं,” मारीसेल म्हणाली. “घरला जावा. म्होरल्या टायमाला उशीर चालायचा न्हाई.”

सावाकी घरी पळाला तो पाटी घेऊनच परतला. त्याने ती तिच्या खिळ्याला अडकवली आणि ती सरळ लागलीय का ते बघायलाही थांबला नाही, कुणाचं मन बदलायच्या आत गेला. तिने कौल उतरवून फाटकाच्या पायाशी टेकवून ठेवलं. ओगुरी-सान जाताना जरा घुटमळले.

“आणि… तो मेळावा?”

“येनार की. पन झगा न्हाई. आन् शेवयाबी न्हाईत, मुळा आननार. सासूचा.”

“फिलिपिन्सच्या दालनात काकिनोसावाचा मुळा?” त्यांनी हवा ओढायला तोंड उघडलं. मग नुसतंच मिटलं. “थोडा मला बाजूला ठेवाल का? काने-सानांच्या हातचा मी लहानपणी खाल्लाय.”

गल्ली रिकामी होत होती. मीही भिंतीच्या कडेकडेने, फारसा आवाज न करता, घराच्या दिशेने निघाले होते.

“आन् तू कुटं?” मागून हाक आली.

मारीकाकू मोरीच्या तोंडाशी उभी होती. तिने शिगेकाकांचे रबरी बूट काढून माझ्यापुढे जोडीने ठेवले होते. मी म्हणाले, हे मला फार मोठे होतात, आत जाता जाता निघतील. बुटांच्या मापाचं पैजेत काही ठरलं नव्हतं, ती म्हणाली, आणि आखूड दांड्याचं खोरं माझ्या हातात दिलं.